सूड ओकू

त्या कोड्याचं नाव मला पहिल्यांदा सुनेनं सांगितलं. दारात चपला काढता काढता म्हणाली, "आत्ती, तुमच्यासाठी सुडोकू आणलंय."

मला ऐकू आलं, 'सूड ओकू'.

"ओक की," मी म्हटलं. "सत्तावीस वर्षं पोटात धरून बसलीयास. ओकून मोकळी हो एकदा."

तिनं माझ्या मुलाकडं बघितलं, मुलानं तिच्याकडं. आठ दिवस दोघं माझ्या प्रत्येक बोलण्यावर असंच एकमेकांकडं बघत होती. बघितलंस ना, हे असं बोलते ही, असं ते बघणं. मग सुनेनं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. प्रत्येक पानावर चौकटी, काहींत आकडे, बाकीच्या रिकाम्या. सोबत एक पेन्सिल आणि खोडरबर. बालवाडीत घालायला आल्यासारखी दोघं समोर बसली.

त्याचं कारण एक जळलेलं पातेलं. मी फुलेवाडीच्या पुढं दोन खोल्यांत एकटी राहते. आमचे मालक, मुलाचे वडील, फौंड्रीत होते, त्यांनी बांधलेलं घर. ते जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा-सून राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. तर त्या दिवशी मी गॅसवर मटकी शिजत लावली आणि शेजारणीकडं जाऊन बसले. मटकी डोक्यातून साफ गेली. धूर बघून गल्ली गोळा झाली. पातेल्याचा कोळसा झाला, भिंत काळी झाली, बाकी काही नाही. पण शेजारणीनं मुलाला फोन लावला आणि मी घरी पोचायच्या आधी सगळं ठरूनही गेलं.

मला राजारामपुरीतच एका डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी मला आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, असलं विचारलं. मग मला बाहेर बसायला सांगून मुलगा आणि सून आत बोलत बसली. बाहेर आल्यावर मुलगा जिन्यातच म्हणाला, "आई, डॉक्टरनी कोडी सोडवायला सांगितल्यात. महिनाभर बघायचं. जमलं तर ऱ्हा तुझ्या घरात. न्हाय जमलं तर घराला कुलूप लावायचं आणि आमच्याकडं यायचं."

"आणि न्हाय आले तर?"

"गल्लीला काय झालं तर जबाबदार कोण? तू सांग."

मी कबूल केलं. गल्लीसुद्धा त्याच्या बाजूची होती, आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती. मटकी मी विसरले होते. कुणी विसरायला लावलं नव्हतं.

आता सुनेबद्दल सांगते. ती धारवाडकडची. माहेरी किराणा दुकान, घरात कानडी, शाळा इंग्रजी. मराठी बोलते चांगलं. वाचायचं म्हटलं की अजून अडखळते. लग्नपत्रिका आली की नवऱ्याच्या हातात देते. माझ्या घरातलं मटणाचं भांडं तिला चालत नाही, आणि तिनं त्या भांड्याकडं बघून वाकडं केलेलं तोंड मला चालत नाही. माझ्यासमोर बसून आईशी फोनवर कानडीत बोलते. त्यात 'अत्ते', म्हणजे सासू, आलं की माझं चाललंय एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही, पण आवाजावरून कळतं. आमचं भांडण असं कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

कोडं कसं सोडवायचं ते मुलानं दाखवलं. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी, आणि जाड रेघांनी पाडलेली नऊ घरं. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक घरात एक ते नऊ हे आकडे यायचे, प्रत्येक एकदाच. "सोपं हाय," तो म्हणाला. मग त्याला दुसरं पान सोडवून दाखव म्हटलं, तर त्याला फोन आला.

पहिले चार दिवस मला काही जमलं नाही. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीसुद्धा गगनबावड्याच्या बाजूच्या शाळेत. तिथं पावसाळ्यात ओढा ओलांडता यायचा नाही म्हणून वर्षातले तीन-चार महिने शाळा नावाचीच असायची. पण आकडे मास्तरांनी पक्के करून घेतले होते. पाटीवर गिरवून, चुकलं की पट्टी.

पाचव्या दिवशी मला ते कळलं. कुठं काय बसतंय ते शोधायचं नाही. काय बसत नाही ते आधी बघायचं. लग्नाआधी मी कबनूरला मावशीकडं राहून मागांच्या कारखान्यात कांड्या भरायचं काम केलं होतं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. कुठल्या मागावर कुठलं सूत चाललंय ते डोक्यात ठेवावं लागायचं, आणि चुकीची कांडी गेली की कापडात पट्टा पडायचा आणि कारखानदार बोंब मारायचा. तिथंही हेच होतं. ही कांडी या मागाची नाही, त्याचीही नाही, म्हणजे तिसऱ्याची. मी त्या दिवशी पहिलं पान पुरं केलं. आवडलं असं मी म्हणणार नाही. रागानं सोडवत होते. रोज दुपारी जेवून, भांडी घासून, एक पान.

पुस्तकात छापलेले आकडे इंग्रजी होते. मीही बघून तसेच लिहायचा प्रयत्न केला आणि बरेचसे जमले. दोनच आकड्यांना हात वळेना. त्यांचा एक म्हणजे नुसती काठी. पेन्सिल चुकून लागली की आकडा लिहिला, ते ओळखायचं कसं? आणि त्यांचा चार म्हणजे पालथी पडलेली खुर्ची. हे दोन मी माझ्या पद्धतीनं लिहिले, मास्तरांनी शिकवलेले, १ आणि ४. त्यात कुणाला काय अडचण येईल असं मला वाटलं नाही. मी काही चोरून लिहीत नव्हते.

दर रविवारी दोघं यायची. सून पानं उलटायची, एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढायची, तोंडानं एक शब्द नाही. मुलगा अंगणात शेजाऱ्याशी गाडीच्या टायरबद्दल बोलत उभा.

दुसऱ्या रविवारी मीच विचारलं, "हे सूड ओकू नाव कुणी ठेवलं? इतकं वंगाळ नाव?"

"सूड ओकू नाही हो आत्ती. सु-डो-कू. जपानी आहे." तिनं मोबाईलवर शोधलं आणि वाचून मला सांगायला लागली. "मोठं वाक्य होतं, ते तोडून नाव केलंय. आकडा एकेकटाच पाहिजे, असा अर्थ. त्यातला एकटा हा शब्द आहे ना, तो तिकडं लग्न न झालेल्या माणसाला वापरतात."

"म्हणजे हे बिनलग्नाचे आकडे."

"हां, तसंच."

"ओळीत एकेकटे ऱ्हात्यात. कुणाची सोबत नको, कुणाची देखरेख नको. आणि तसं ऱ्हायले तरच कोडं सुटतंय."

"खेळ आहे तो, आत्ती."

"मग मी एकटी ऱ्हायले तर तुमच्या दोघांच्या पोटात का दुखतंय?"

मुलगा दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "आकड्याला गॅस पेटवायचा नसतो, आई."

हे उत्तर त्याचं चांगलं होतं. मला जास्तच राग आला. मी चहा केला नाही. तशीच गेली दोघं.

तिसऱ्या रविवारी मुलगा एकटा आला. हे नवीन होतं. सोबत पेढे आणले होते, हेही नवीन. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "आई, आकडे म्हणून दाखव की जरा."

"कुठले आकडे?"

"साधे गं. एक ते दहा."

"का? तू विसरलास व्हय?"

"म्हण की. तीनच्या पुढं काय येतंय?"

"तुझा मेव्हणा."

तो हसला नाही. दवाखान्यात खाटेवरच्या माणसाकडं बघतात तसं माझ्याकडं बघत होता. मग त्यानं एक बोट वर केलं. "हे किती हाय?"

"हे बोट हाय," मी म्हटलं. "खाली घे, न्हायतर मोडून ठेवीन."

त्यानं घेतलं खाली. डोळे पुसल्यासारखं केलं आणि उठून गेला. पेढे राहिले. मी दोन खाल्ले आणि बाकीचे शेजारणीला दिले.

एक ते दहा मी म्हणून दाखवले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, हे आता कळतं. पण बावन्न वर्षांच्या पोरापुढं मी शाळेतल्यासारखी एक-दोन-तीन म्हणणार नव्हते. आणि त्यानं तरी सरळ विचारायचं होतं, की आई, असं असं वाटतंय, खरं हाय का? ते त्याला जमलं नाही. आमच्या घरात सरळ विचारायची पद्धत नाही. बोलतो आम्ही मोठ्यानं, पण विचारत नाही.

महिना झाला तसं परत डॉक्टरकडं गेलो. त्या सकाळी मुलगा मला घ्यायला आला तर त्याच्या हातात नवीन कुलूप होतं. दाराच्या कडीला लावून बघत होता, बसतंय का.

"निकाल लागला व्हय?" मी विचारलं.

"माप बघतोय नुसतं," तो म्हणाला.

गाडीत बसताना मी एकदा मागं वळून घराकडं बघितलं. शेजारीण तिच्या पायरीवर उभी होती. तिनं मान खाली घातली. तिलाही सांगितलेलं होतं तर. मला सोडून सगळ्यांना सांगितलेलं होतं.

सून दवाखान्यात आधीच येऊन बसली होती. या वेळी डॉक्टरांनी "आजी, जरा बाहेर—" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मी सांगितलं, "मी उठणार न्हाय. जे बोलायचं ते माझ्यासमोर बोला."

डॉक्टर तरुण होते. बरं म्हणाले.

सुनेनं एक फाईल काढली. माझ्या पानांच्या फोटोंचे छापील कागद, वीस-एकवीस तरी असतील. प्रत्येक कागदावर लाल शाईनं गोल केलेले. एकेका पानावर दहा-बारा गोल. ती डॉक्टरांना सांगायला लागली, आणि मुद्देसूद सांगत होती, त्यात तिला नाव ठेवायला जागा नाही.

"डॉक्टर, प्रत्येक पानावर तीच चूक आहे. नऊ आणि आठ एका ओळीत दोन-दोनदा लिहितात. आणि एक आणि चार एकदाही लिहीत नाहीत. एवढ्या पानांत एकदाही नाही. ते दोन आकडे त्या विसरल्यात. यांनी घरी विचारून बघितलं, तर सांगता आले नाहीत."

मग मला त्या रविवारचं बोट कळलं.

मी हात लांब करून वरचा कागद ओढला. माझं अक्षर. माझी मेहनत. त्यावर लाल गोल, शाळेतल्या नापास पोराच्या वहीवर असतात तसे.

"हा गोल कशाला केलायस?" मी सुनेला विचारलं.

"आत्ती, असू दे. द्या इकडं."

"कशाला केलायस, सांग."

"या ओळीत नऊ दोनदा आलाय. हा बघा, आणि हा बघा."

"हा नऊ. आणि हा एक."

"हा पण नऊच आहे, आत्ती."

"एक हाय त्यो!" मी ओरडले. बाहेर बसलेली माणसं वळून बघायला लागली असतील, मला त्याचं काही नाही. "मराठी एक हाय! आणि हे तुझं आठ म्हणजे चार हाय! काठीला एक म्हणायला लागलीस आणि मला येडी ठरवतीयास?"

डॉक्टरांनी कागद माझ्या हातातून घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग हसू दाबत म्हणाले, "अहो, हा मराठी एक आहे. आणि हा मराठी चार. आजींनी बरोबर भरलंय." त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि खाली मान घालून एकेक ओळ तपासत बसले. चार-पाच पानं त्यांनी तशी बघितली. एका पानावर थांबले. "इथं मात्र खरंच दोन सहा आलेत."

"आले असतील," मी म्हटलं.

मग ते माझ्या मुलाला म्हणाले, "तुम्ही मराठी शाळेतले ना? तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मी पानं बघितली न्हाईत," मुलगा म्हणाला. "हिनंच तपासली."

सुनेवरचा माझा राग होता तिथंच राहिला, पण त्या वाक्यानं तो दोन नंबरला गेला. तिला मराठी आकडा वाचता येत नाही, ते मी समजू शकते. समोर इंग्रजी आकडे छापलेले, मी लिहिलेले बाकीचेही इंग्रजीच, त्यात मधेच दोन मराठी असतील, असं तिच्या डोक्यात आलं नसेल. पण हा फुलेवाडीच्या शाळेत शिकला. महिनाभर आईच्या घराला कुलूप लावायचं की नाही याची परीक्षा चालली होती, आणि यानं एकदाही उत्तरपत्रिका उघडली नव्हती. कुलपाचं माप मात्र स्वतः घेतलं.

"आणि परीक्षा कुणी घ्यायला सांगितली?" डॉक्टर विचारत होते. "मी म्हणालो होतो, आजींना विरंगुळा म्हणून काहीतरी द्या. कोडी द्या, भाजी निवडायला द्या. यावरून कुणाचं डोकं ठरत नाही."



डॉक्टर माझ्याकडं वळले. "आजी, पातेलं जळलं तेव्हा तुम्ही खरंच विसरला होता?"

खोटं बोलायला ती वेळ चांगली होती. शेजारणीनं अडवून ठेवलं, असं काहीतरी सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, "व्हय. विसरले."

"बघा!" मुलगा म्हणाला.

"परत झालं का तसं?"

"न्हाय. आता गॅसवर काय असलं की मी उंबरा ओलांडत न्हाय. शेजारणीला बोलायचं असलं तर ती येते माझ्याकडं."

"मग बास," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी दाखवून जा. कुठं राहायचं ते आजी ठरवतील. घर बंद करा असं मी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारही नाही."

बाहेर जिन्यात आलो. मुलगा पुढं, मी मध्ये, सून मागं. पहिल्या वळणावर ती म्हणाली, "आत्ती, मी मुद्दाम नाही केलं."

मी थांबले. "इतके रविवार माझ्यासमोर बसून फोटो काढलेस. एकदा बोट ठेवून विचारायचं, आत्ती, हे काय लिहिलंय?"

"तुम्ही सरळ उत्तर दिलं असतं?"

मी कठडा धरून पुढची पायरी उतरले.

"माझ्या वडिलांचं आकड्यांपासूनच सुरू झालं," ती म्हणाली. "दुकानात वजनं वाचता येईनात. आम्ही सगळे हसलो त्यांना. दोन वर्षांनी घरातून निघून गेले, ते तिसऱ्या दिवशी हुबळीच्या स्टँडवर सापडले. पायात चप्पल नव्हती."

हे मला माहीत नव्हतं. तिचे वडील वारले तेव्हा मी मातीला गेले होते, पण कशानं वारले ते विचारलं नव्हतं. म्हातारे होते, गेले, एवढंच धरून चालले होते. आता तिनं सांगितलं म्हणून मी तिची पाठ थोपटली, असं झालं नाही. तिच्या बापाचं जे झालं ते माझं झालेलं नव्हतं, आणि माझ्या दाराला कुलूप लागायचं थोडक्यात चुकलं होतं. पण ती म्हणाली ते बरोबर होतं. मी सरळ उत्तर दिलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही.

रस्त्यावर आल्यावर मुलगा गाडीचं दार उघडून उभा राहिला. "बस आई, सोडतो घरी."

"आधी किल्ली दे."

"कुठली?"

"माझ्या घराची. पातेलं जळलं त्या दिवशी शेजारणीकडं ठेवलेली घेऊन तिच्यावरनं दुसरी करून आणलीस ती."

त्याला वाटलं होतं मला ते माहीत नाही. "असू दे की माझ्याकडं," तो म्हणाला. "काय झालं तर?"

"काय झालं तर दार तोडा. दार काय सोन्याचं न्हाय."

"तसं न्हाय आई, गल्लीतली माणसं—"

"गल्लीला मी सांगेन. तू किल्ली दे."

राजारामपुरीची दुपारची गर्दी होती. रिक्षावाला मागून हॉर्न वाजवत होता, गाडी हलवा म्हणून ओरडत होता. मुलानं खिशातून जुडगा काढला. किल्ली कडीत घट्ट अडकली होती. त्यानं नखानं ओढली, दातानं ओढली, निघेना. तो इकडंतिकडं बघायला लागला, मी बरं राहू दे म्हणतेय का याची वाट बघत. मी म्हटलं नाही.

शेवटी सुनेनं जुडगा त्याच्या हातातून घेतला. केसातली पिन काढून कडी फाकवली, किल्ली सरकवून बाहेर काढली आणि माझ्या हातावर ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही तिच्याकडं बघितलं नाही.

मी किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि सिटी बसच्या थांब्याकडं चालायला लागले. गाडीत बसले नाही. मागून कुणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी मी थांबले नसते.